मामांचा श्वास

जगातला प्रत्येक माणूस चुकीचा श्वास घेतो, असं ठाम मत असलेला एकच गृहस्थ मला आयुष्यात भेटला: माझ्या बायकोचे मामा. कॅनडात, टोरोंटोच्या स्कारबरो भागात ते आमच्या बेसमेंटमध्ये राहायचे. राहायचे म्हणजे अंथरूण तिथे होतं. स्वतः मामा दिवसभर घरभर येरझारा घालायचे. मामी गेल्यापासून त्यांना एका जागी बसवतच नसे. कोपऱ्यावरच्या प्लाझात एक वयस्कर चिनी वैद्यबाई होत्या. त्यांच्याकडे गुडघ्याला सुया टोचून घ्यायला गेलेले मामा परत आले ते सगळं चिनी वैद्यक डोक्यात घेऊनच.

"अरे, फुप्फुस म्हणजे नुसता भाता नव्हे. अंगातल्या पाण्याचा कारभार त्याच्याकडे! श्वास खाली उतरला, की पाणी मूत्रपिंडाकडे उतरतं. तो वर अडकला, की पाणी तुंबतं. किटलीचं झाकण घट्ट बसलं की तोटीतून धार येते का?" झालं! बसस्टॉपवर अनोळखी बाईंना "बहनजी, साँस नीचे लो" सुरू झालं. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत असलो की मामा दारातून माझे श्वास मोजायचे आणि आकडा चुकला की पुन्हा एकपासून. माझी लेक वैतागून ओरडायची, "आजोबा, आय ॲम ब्रीदिंग!" मामा म्हणायचे, "हो, पण वरच्यावर."

दोन हजार सोळा-सतराच्या त्या हिवाळ्यात मामांचे पाय सुजले. बूट चढेनात. बेसमेंटच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवरच ते धापा टाकत थांबायचे. डॉक्टरकडे चला म्हटलं, की उत्तर ठरलेलं: "झाकण उघडतोय ना मी!" आणि मी, खरं सांगतो, हसायचो. एका सकाळी मात्र मला राहवेना. त्यांना त्यांच्याच वैद्यबाईंकडे नेलं. बाईंनी नाडी पाहिली, श्वास ऐकला, घोट्यावर अंगठा दाबला. पडलेला खळगा भरेचना. "नो नीडल," बाई म्हणाल्या. "हॉस्पिटल. नाउ." आणि दुकानाला कुलूप लावून त्या स्वतः आमच्या गाडीत बसल्या.

हृदय थकलं होतं, फुप्फुसात पाणी साचलं होतं. औषधांनी ते हळूहळू उतरलं. मे महिन्यात मामा किचनर शहरात आपल्या मुलीकडे राहायला गेले. तिच्या काँडोत जिना नव्हता. त्यांना गाडीत बसवताना मी म्हटलं, "मामा, मी तुम्हाला आधीच न्यायला हवं होतं."

"मी आलोच नसतो रे," ते म्हणाले. मग त्यांनी माझा हात धरला. "तू हसायचास, पण सगळं ऐकून घ्यायचास. एवढं कोण ऐकतं?"

मुलीने गाडी सुरू केली, तेव्हा कुठे त्यांनी माझा हात सोडला.