दिशानंतर आलेली मुलगी

मूल घरात आलं की आईबापाची झोप उडतेच. पण श्रुतिका आली आणि सुलक्षणाची झोप उडाली ती धास्तीनं.

सुलक्षणा आणि देवदत्त कांजूरमार्गला राहत. तो लाइनमन, ती एका लॅबमध्ये रक्त काढायला. बरीच वर्षं मूल होईना, तेव्हा एका संस्थेकडून त्यांनी दिशाला सांभाळायला आणलं. पुढे दत्तक मिळेल अशी आशा होती. दिशा चालायला शिकली ती याच घराच्या भिंती धरून. मग अचानक तिची सख्खी आत्या पुढे आली, आणि एका दुपारी संस्थेची बाई पोरीला घेऊन गेली. दिशा जिन्यात 'आई, आई' करून ओरडत होती. सुलक्षणा दाराची कडी धरून नुसती उभी राहिली.

त्यानंतरही ती चर्चला जायची, गाणी म्हणायची. पण पाळक देवाच्या वचनांवर बोलू लागले की पर्समध्ये काहीतरी शोधत बसायची.

आता दोन वर्षांनी श्रुतिका. पाच वर्षांची, आधी एका घरातून परत आलेली. सुलक्षणा तिला न्हाऊमाखू घालायची, वेण्या घालायची, पण जवळ घ्यायची नाही. संस्थेचा फोन आला की पुसलेला ओटा परत पुसायची.

"अगं, किती पुसशील?" देवदत्त म्हणाला.

"मग काय करू? बसलं की डोक्यात तेच सुरू होतं."

"ही दिशा नाही, सुलू."

"माहितीय ना. तेव्हापण वाटलं होतं, राहील म्हणून. काय झालं?"

एका रविवारी भक्तीनंतर रतनमावशींनी तिला चर्चच्या आवारात गाठलं. मंडळीतल्या सगळ्यात वयस्क बाई, बोलायला फटकळ.

"पोरीला मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत का नाही घालत गं?"

"राहते की जाते कोणाला ठाऊक, मावशी. एकदा देवावर विसंबले होते. तोंडावर आपटले."

"दिशा तुझ्याकडेच राहील, असं देव कधी म्हणाला होता तुला? सोडणार नाही म्हणाला होता. ते तुझ्याबद्दल. तिच्याबद्दलही."

"तुम्हाला बोलायला काय जातं!" सुलक्षणा ताडकन निघाली. श्रुतिकाला तिच्यामागे जवळजवळ पळावं लागलं. रस्ताभर सुलक्षणाचा राग शमला नाही.

त्याच आठवड्यात ती कामावरून आली, तर श्रुतिका पलंगावर बूट घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

"काय गं हे?"

"बाई येणार ना मला न्यायला? सकाळी तुम्ही फोनवर बोललात."

"नाही रे राजा. त्या नुसतं विचारत होत्या, बरी आहे का म्हणून. मी तुला कुठे पाठवणार नाहीये."

"त्या घरातली आईपण असंच बोलली होती."

सुलक्षणाला भडभडून आलं. ती वेगळी, मी वेगळी. तिनं टाकलं म्हणून मीही टाकेन असं का धरतेस, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं. दोन वर्षं ती देवाबद्दल हेच धरून बसली होती. दिशाला आत्यानं नेलं, माणसांनी नेलं. आणि जाब मात्र तिनं देवालाच विचारला होता.

'कोणी तुला नेणार नाही' असं तिला म्हणता येईना. ते तिच्या हातात नव्हतं. ती खाली बसली.

"हे बघ, मी तुला पाठवणार नाही. हे माझं वचन. आणि देव तुला सोडणार नाही. इथे नाही, दुसरीकडे गेलीस तरी नाही. हे त्याचं."

बोलताना भीती तसूभर कमी झाली नव्हती. तरी ती बोलली. मग तिनं एक बूट काढला. दुसऱ्याला श्रुतिकानं हात लावू दिला नाही. सुलक्षणानं तिला तशीच, एका बुटासकट, मांडीवर ओढून घेतलं.

दत्तकाचा आदेश यायला पुढे वर्ष गेलं. दोनदा सुनावणीची तारीख टळली. दोन्ही वेळा सुलक्षणा जेवली नाही, घरभर येरझारा घालत राहिली. पण पोरगी शाळेतून आली की तिला घट्ट जवळ घ्यायची. प्रार्थनेत ती आता दिशाचं नावही घेऊ लागली होती.

"आणि आदेश आलाच नसता तर?" देवदत्तनं एकदा विचारलं.

"धाय मोकलून रडले असते," ती म्हणाली. "देवासमोर बसून."