नाव रिकामं असेल तर

आमच्या धाकट्या जावयांइतका नावांवर जीव टाकणारा माणूस आडगावापासून सातपूरपर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि एका नावापायी त्यांच्याइतकी अब्रू घालवलेला माणूसही सापडायचा नाही. मी चौथी शिकलेली, जन्म शेवंतीच्या वाफ्यांत गेलेला. कॉम्प्युटरशी माझा संबंध नाही, पण ह्या माणसाने इतक्या वेळा समजावून सांगितलं की नको तेवढं कळलं. काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करायचा. तो हुकूम ऐकणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला शेल म्हणतात. त्याला आधी नावं शिकवायची. ह्या नावाची किंमत ही, त्या नावाची ती. मग नुसतं नाव घेतलं की तो समजतो. "मामी, तुम्ही 'हे' म्हणता ना," लग्नानंतर पहिल्याच जेवणाला ते मला म्हणाले, "तुमच्या घरात त्याची किंमत मामा. शेजारच्या घरात त्याच 'हे'ची किंमत दुसराच माणूस. अगदी तसंच." शेजारी पानावर बसलेल्या आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला. मी पदर तोंडाला लावला, तो काही हसायला नव्हे.

सासुरवाडीला आले की ते आमचं घर शिस्तीला लावायचे. वस्तू कुठे शोधायची त्या जागांचा क्रम त्यांनी ठरवून दिला होता. आधी ओटीवर, मग पडवीत, मग पंपाच्या खोलीत. आणि सापडली की पुढे बघायचंच नाही. एकदा गाईला घास कापायची घाई होती, मी विळा मागितला. त्यांनी ओटीवरचा गंजका, बोथट विळा आणून दिला. पंपाच्या खोलीत नवा टांगलेला त्यांना चांगला माहीत होता. "नवा हवा असेल तर पंपाच्या खोलीचं नाव आधी घ्यायला हवं, मामी." त्यांच्या स्वतःच्या घरी तर रोज सकाळी नवा संसार. चहा ते करायचे आणि रोज माझ्या लेकीला विचारायचे, साखर किती. "कालच सांगितलं ना," ती म्हणायची. "काल बंद झालं," ते म्हणायचे. शेलची खिडकी बंद केली की तिला सांगितलेली नावं ती विसरते, म्हणून. "जावई औषध घेतात का गं?" शेजारीण मला विचारायची. "शिकलेत," मी सांगायची आणि दुसरा विषय काढायची.

अंबडच्या एका कारखान्यात ते नोकरीला होते. तिथे यंत्रांची चित्रं कॉम्प्युटरमध्ये ठेवलेली असत. नको असलेली एका जागी टाकायची, त्या जागेला नाव द्यायचं आणि हुकूम सोडायचा, ह्या नावाच्या आतलं सगळं पूस. एके दिवशी त्यांनी नाव शिकवलं एका खिडकीत आणि हुकूम दिला दुसऱ्या खिडकीत. दुसरीला ते नाव ठाऊकच नव्हतं. तिच्या लेखी नाव रिकामं. तिने विचारलं नाही, थांबली नाही. रिकामं म्हणजे अगदी मुळापासून सगळंच, असं धरून ती कारखान्याची चित्रं पुसत सुटली. जावयांनी वायर उपटली तोवर उशीर झाला होता. नोकरी गेली, आणि भावकीत त्यांना 'पुसणारे पाव्हणे' म्हणायला लागले.

त्याच उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे. ते काही टळत नाही. पंगतीला माझा थोरला भाऊ होता. तूप वाढून झालं तशी त्याने सुरुवात केली. "पाव्हणे, ताट पुसून खा. पण ताटावरच थांबा बरं, आमचं घर लय जुनं हाय."

पंगत हसली. दुसरा कोणी असता तर उलट बोलला असता, नाहीतर उठून गेला असता. जावयांनी घास खाली ठेवला आणि झालेली हकीकत पहिल्यापासून सांगितली, रिकाम्या नावासकट, जणू परीक्षेत विचारली होती. मोठे जावई रुमालात हसत होते. मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले; कान तापले होते ते जाळाने नव्हे.

हात धुताना ते मला म्हणाले, "मामी, मनाला लावून घेऊ नका. एका शेलच्या पोटी दुसरा शेल उघडला, की आईकडची नावं मुलाला मिळतात. पण मुलाने आपल्यापाशी काही बिघडवलं, तर ते वर आईकडे जात नाही."

"तुमच्या त्या कॉम्प्युटरच्या डब्यात नसंल जात," मी म्हटलं. लाज चढायची ती माझ्या डोक्यापर्यंत चढली होती. फुलबाजारात कोणी जावयांची चौकशी केली की मी गिऱ्हाईक नसताना हार ओवायला घ्यायची.

त्यानंतर ते माणसांत यायचे बंद झाले. लेक शिवणकाम करून घर चालवायची आणि जावई घरात बसून स्वतःचा वेगळा शेल बनवायचे. पुढचा धोंड्याचा महिना आला तेव्हा लेकीने निरोप धाडला, ते येत नाहीत म्हणतात, मंडळींसमोर नको. मला वाटलं, ह्या वेळी घरात राहिला तर हा माणूस कायमचाच राहिला. पंगत खोळंबवून ठेवली आणि बसने त्यांच्याकडे गेले.

"मामी, हे बघा," त्यांनी मला पडद्यापुढे बसवलं. न शिकवलेलं नाव घेतलं आणि पुसायचा हुकूम दिला. पडद्यावर एक ओळ उमटली. ती त्यांनी वाचून दाखवली. "'हे नाव रिकामं आहे. काय धरू?' माझा शेल पुढे जात नाही, मामी. विचारतो."

"एवढंच करायला इतकी वर्षं?"

"एवढंच."

"आणि खिडकी बंद केली की विसरतो म्हणता?"

"विसरतो."

"मग आमच्या भावकीची खिडकी कोण बंद करणार? उठा. धोंडे थंड होतायत."

ते खालमानेने आले आणि पाटावर बसले. भावाने तोंड उघडलं, "पाव्हणे..."

"दादा, आधी मला विचार आन् मग बोल," मी म्हटलं. तो जेवायला लागला. त्या दिवशी जावयांनी धोंडे मागून घेतले.

आता ते लांब बेंगळुरूला असतात, नोकरी बरी आहे. मला मात्र हल्ली नावं आठवत नाहीत. परवा फोनवर त्यांच्याशी बोलताना सख्ख्या नातीचं नाव तोंडात येईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशा वेळी म्हातारी माणसं दुसरंच एखादं नाव ठोकून देतात. मी गप्प राहिले.

"थांबलात ते बरं केलंत, मामी," पलीकडून जावई म्हणाले. "आता विचारा."

मी विचारलं. त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तेव्हाही सांगितलं. कालच सांगितलं होतं, असं ते म्हणाले नाहीत.