पहिला मध

नोंकिशूच्या हातात उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, ढवळायचा दांडा असला की शाळेच्या मुख्याध्यापिकासुद्धा तिच्याशी वाद घालत नसत. दांडा तिच्याएवढाच उंच, पातेलं तिच्याहून घेरदार आणि जेवायला एकशे ऐंशी मुली. लोइताच्या डोंगराळ मुलखातल्या त्या निवासी शाळेत बारा वर्षं तिचंच राज्य होतं. मुली तिला तोंडावर ‘कोको’ म्हणत, आजीला म्हणतात तसं, आणि पाठीमागे ‘फौजदार’. तिला दोन्ही ठाऊक होतं. दोन्ही आवडायचं.

ती स्वतः तिसरी पास. चौथीचं पुस्तक हातात पडायच्या आत एकाने तिच्या बापाकडे मध पाठवला. लोइतात मध पाठवला म्हणजे मागणी घातली, आणि घरच्यांनी तो खाल्ला म्हणजे मुलगी दिली.

“माझ्या बापाने एका बैठकीत संपवला,” ती पातेल्यावरून सांगायची. “वर बोटं चाटली. मला वाटत होतं, थोडा उरला तर मी निदान अर्धी तरी सुटेन.”

नवरा वाईट नव्हता. तसा तो घरात नव्हताच; सदा गुरांमागे. एका दुष्काळात गुरं गेली आणि त्यांच्या पाठोपाठ तोही. त्यानंतर तिने हा दांडा हातात घेतला, तो आजपर्यंत खाली ठेवलेला नाही.

जानेवारीत शाळा उघडली. सगळ्या मुली आल्या, सितेया आली नाही.

सितेया आठवीची. गणितात पहिली आणि स्वयंपाकघरातून साखर पळवण्यातही पहिली. तिची फी हॉलंडमधली हॅनेके नावाची एक म्हातारी भरायची. पोस्टातून निवृत्त झालेली, दोन मुलगे, अंगणात मधमाश्यांच्या पेट्या. दर नाताळला तिचं पत्र यायचं आणि सोबत घरच्यांसाठी एक खोकं. ते खोकं सितेयाच्या घरी पोचवायचं काम नोंकिशूचं.

चौथ्या दिवशी नोंकिशूने दांडा मदतनीस बाईकडे सोपवला. “करपवलीस तर बघ,” म्हणाली आणि मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून निघाली.

सितेयाच्या घरच्या काटेरी कुंपणापाशी बाभळीखाली म्हातारे जमले होते. मधोमध सितेयाचा बाप पारमुआत, शेजारी नवी कोरी लाल शुका पांघरलेला मेपुकोरी. मेपुकोरीला दोन बायका होत्या, गुरं मोजता येणार नाहीत इतकी आणि दात मोजता येतील इतके. त्याच्या पायाशी मधाने भरलेला चामड्याचा बुधला. तोंड अजून बांधलेलं.

सितेया झोपडीच्या दारात उभी होती. तिने नोंकिशूकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली.

“या या, फौजदार!” पारमुआत म्हणाला. हे नाव इथपर्यंत पोचलं होतं तर. “योग्य वेळी आलात. मध उघडतोय.”

“वा! वास इथपर्यंत येतोय,” नोंकिशू हात जोडल्यासारखं करत खाली टेकली. “सितेयाच्या बापा, एक विचारू? मी आपली अडाणी बाई.”

“तू अडाणी? मग बिबट्या शाकाहारी,” मेपुकोरी हसला.

“मागल्या नाताळला हॅनेकेच्या खोक्यातून मी मध आणला होता, काचेच्या बरणीतला. कसा होता?”

“तो होय? फिका,” पारमुआतने तोंड वाकडं केलं. “आपल्या मधाला कसा धुराचा दरवळ असतो. तो नुसता साखरेचा पाक.”

“पण संपवलात.”

“संपवला म्हणजे काय! टाकून द्यायचा?”

“आणि त्याच्या आदल्या वर्षी?”

“तोही संपवला. काय चौकशी लावलीये?”

“काही नाही बाबा. आठवतं का ते बघत होते. तीन नाताळ, तीन बरण्या. दर वेळी बरणीवर चिठ्ठी, ‘सितेयाच्या घरच्यांना’. मीच वाचून दाखवायचे.” नोंकिशूने तपकिरीची डबी काढली, सावकाश चिमूट घेतली, सावकाश शिंकली. “त्या बाईला दोन मुलगे आहेत, नाही का?”

एक म्हातारा शेपटीच्या चवरीने माश्या हाकत होता, तो थांबला. माश्यांनी त्याचा फायदा घेतला.

“ए बाई,” पारमुआत हळूच म्हणाला, “ती गोरी. तिला कुठे माहीत असणार मधाचं?”

“तिला नसेल. तुम्हाला तर होतं ना?”

“अगं, पण...”

“मागणी मी नाही घातली, तिनेही नाही घातली म्हणा हवं तर. पण एका मुलीसाठी दोन घरांचा मध खाणाऱ्या माणसाला पुढे कुणी थुंकून आशीर्वादसुद्धा देत नाही, हे माझ्या बापाने मला शिकवलं. त्याने मरेपर्यंत एवढीच एक गोष्ट धड शिकवली.”

मेपुकोरी उठला. “हे थोतांड आहे! बरणीतला मध मध नसतो! साक्षीला कोण होतं?”

“तुम्ही,” नोंकिशू म्हणाली.

“मी?”

“मागल्या नाताळला तुम्ही इथेच बसला होतात, याच दगडावर. चमचा नको म्हणालात. बोट घातलंत. हे.” तिने स्वतःचं मधलं बोट उभं करून दाखवलं. “वर म्हणालात, मुलगी गोड घरी जाणार.”

आधी चवरीवाला म्हातारा हसला. मग दुसरा. मग एकाला ठसका लागला आणि त्याच्या पाठीत थापा मारता मारता सगळेच हसायला लागले. मेपुकोरीने बुधला उचलून काखेत मारला आणि लाल शुका काट्यात अडकली ती सोडवत, शिव्या देत, निघून गेला.

पारमुआतने बुधल्याची धुळीत उमटलेली खूण पायाने पुसली.

“दहा कालवडी देणार होता गं,” तो म्हणाला.

“बारावी पास होऊन गुरांची डॉक्टर झाली की तुमच्या सगळ्या गुरांना औषध ती देईल. आता असतील ती जगवा.”

त्याने सितेयाला जवळ बोलावलं. डोक्यावर हात ठेवला आणि केसांवर थुंकला, रीतसर, दोनदा. “जा. उशीर करू नको.”

मोटारसायकलवर दोघींच्या मध्ये सितेयाची शाळेची पत्र्याची पेटी होती. सितेया पेटीवरून ओरडली, “कोको! आणि हॅनेकेचा मुलगा खरंच आला तर?”

“येऊ दे की. आधी बघू, त्याला गाय पिळता येते का.”

संध्याकाळी सितेया आभाराचं पत्र लिहायला स्वयंपाकघरात बसली आणि नोंकिशू दांडा फिरवत सांगत गेली. “लिही: तब्येत चांगली आहे. गणित चांगलं आहे. मध फार आवडला, वडील अजून आठवण काढतात.”

“बरं. पुढे?”

“पुढे लिही, या वर्षी सात बरण्या पाठवाव्यात. आणि प्रत्येक बरणीवर वेगळं नाव. थांब, मी नावं सांगते. सातवीच्या मुलींपासून सुरू करू.”