सोकोरोची साखर

मालिनी पाठराबेला डायबेटीस होता, पण तिच्या पोटात दुखायचं ते शेजारणीच्या डायबेटीसमुळे. ऐकायला विचित्र वाटेल, पण आहे ते असं आहे. दोघींचा आजार एक, गोळ्या त्याच, डॉक्टरीणबाईसुद्धा एकच. फक्त सोकोरोच्या आजारामागे तिचं अख्खं घर उभं होतं, आणि मालिनीच्या आजारामागे मालिनी.

नागपूरहून अ‍ॅरिझोनातल्या चँडलरला येऊन तिला बावीस वर्षं झाली होती. नवरा अनिल चिप बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, मुलगी सई सिअ‍ॅटलला. सई रविवारी फोन करायची, "आई, वॉक करतेस ना?" म्हणायची आणि उत्तर येण्याआधी दुसऱ्या कॉलवर जायची. अनिलचं म्हणणं साधं होतं. पथ्य ज्याचं त्याने पाळावं, माझ्या ताटात ढवळाढवळ नको. त्यामुळे रोज दोन स्वयंपाक व्हायचे. त्याच्यासाठी तूपसाखरेचा शिरा परतायचा, त्याचा वास नाकात भरून घ्यायचा, आणि मग ओट्यापाशी उभं राहून ज्वारीची अर्धी भाकरी खायची. अनिल वाईट माणूस नव्हता हो. मारझोड नाही, दारू नाही. त्याला फक्त दिसायचं नाही.

आणि कुंपणापलीकडे ही सोकोरो. शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करणारी, आईवडील मेक्सिकोतल्या सोनोराहून आलेले, स्वतः अ‍ॅरिझोनातच जन्मलेली. नवरा चुई, तीन मुली, जावई, नातवंडं, शिवाय वरच्या पट्टीत बोलणारी सासू. त्या घरात साखर म्हणजे वडिलोपार्जित ठेवा. आईला होती, मामाला होती, मला होणारच, असं सोकोरो खुशाल म्हणायची आणि सासूने वाढलेलं सगळं खायची. वाढलेल्या ताटाला नाही म्हणणं म्हणजे सासूचा अपमान, आणि तो करायची त्या घरात कुणाची छाती नव्हती.

मग सोकोरोच्या थोरल्या भावाचं डायलिसिस सुरू झालं. त्याच आठवड्यात सासूचा वाढदिवस होता. सगळे अंगणात जेवायला बसलेले असताना सोकोरोची मोठी मुलगी येसेनिया उठली आणि म्हणाली, उद्यापासून या घरात कोकसारखा गोड सोडा येणार नाही, कुणासाठीच नाही. एकीला बंद तर सगळ्यांना बंद. आजी दोन दिवस फुगून बसली. चुई मात्र दिवसाला सहा कॅन पिणारा माणूस. त्याने मुकाट्याने उरलेले खोके उचलले, वाटून टाकले आणि नळाचं पाणी प्यायला लागला.

हे सगळं सोकोरोने कुंपणाशी उभं राहून हसत हसत सांगितलं. मालिनीनेही हसून "किती छान" म्हटलं, घरात आली आणि तासभर भांडी आपटली. एका नवऱ्याने बायकोसाठी सोडा सोडला, यात एवढं जळण्यासारखं काय आहे? असं तिने स्वतःलाच विचारलं. उत्तर तिला माहीत होतं, म्हणून तर भांडी आपटत होती.

जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी दोघींना लायब्ररीतल्या डायबेटीसच्या वर्गाला धाडलं. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला, बारा आठवडे. मालिनीला वेगळं बजावलं होतं. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, एचबीएवनसी, साडेआठ आहे, ती साडेसातच्या खाली आली नाही तर इन्सुलिन सुरू. मालिनीने आपल्या वडिलांना इन्सुलिन टोचून घेताना पाहिलं होतं, आणि पुढे त्यांचा पायही जाताना पाहिला होता. इन्सुलिनने पाय गेला नव्हता हे तिला कळत होतं, पण भीतीला कुठे कळतं?

वर्गाचा नियम एकच. वर्ग घेणाऱ्या नर्सने पहिल्याच दिवशी सांगितलं, ज्यांच्यासोबत जेवता त्यांना घेऊन या. सोकोरोबरोबर सहा जण आले, त्यांच्यासाठी बाजूच्या खोलीतून खुर्च्या आणाव्या लागल्या. मालिनीच्या शेजारची खुर्ची रिकामी. "मीटिंग आहे त्यांना," ती म्हणाली. दुसऱ्या गुरुवारीही मीटिंग होती, तिसऱ्याही. खरं तर अनिल घरी सोफ्यावर क्रिकेट बघत असायचा. एकदा तिने धीर करून विचारलं होतं, येता का. तो म्हणाला, बायकांच्या क्लासला मी येऊन काय करू? तिकडे चुई वहीत भाज्यांची नावं उतरवून घ्यायचा, जीभ दातात धरून, एकेक अक्षर. मालिनी ते बघायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पाचव्या आठवड्यात सोकोरोची साखर उतरायला लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मालिनीनेही वाजवल्या. आणि पुढच्या मंगळवारी दुपारी ती गाजरहलव्याचा डबा घेऊन सोकोरोच्या दारात उभी राहिली.

आता इथे स्पष्टच बोलू. तिने विष कालवलं नव्हतं. प्रेमाने शेजारी काहीतरी नेतेय असंच ती स्वतःला सांगत होती. पण हलव्यात साखर रोजच्यापेक्षा जास्त पडली होती, आणि डबा मुद्दाम अशा वेळी नेला होता की मुली कामावर असाव्यात. सोकोरो "नको गं, मला चालत नाही" म्हणाली. मालिनीने अस्सल आग्रह सुरू केला. आमच्याकडे पहिला घास परत करत नाहीत, मला वाईट वाटेल, एवढासाच, माझी शपथ. ज्या घरात सासूच्या ताटाला नाही म्हणता येत नव्हतं, तिथे हा आग्रह बरोबर वर्मी बसला. सोकोरोने दोन वाट्या काढल्या. "मग तूही बस," ती म्हणाली. यजमानीण बस म्हणते तर पाहुणी उभी कशी राहील? मालिनी बसली. तिनेही खाल्लं.

मग दर मंगळवार. तिळाच्या वड्या, खव्याच्या पोळ्या, पाडव्याला श्रीखंड. दोघी स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसायच्या, खायच्या, गप्पा मारायच्या. नागपूरच्या, सोनोराच्या, सासवांच्या. मालिनी इतकं कुणाशीच बोलत नव्हती. घरी येताना तिला शरमही वाटायची आणि पुढच्या मंगळवारची ओढही लागायची, आणि या दोन्हींच्या तळाशी आपल्याला काय हवंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या सहा जणांसमोर सोकोरो एकदा तरी हरायला हवी होती.

शेवटच्या गुरुवारी नर्सने एकेकाच्या हातात कागद दिला. मालिनीचा आकडा नऊ पूर्णांक एक. नर्स हळू आवाजात म्हणाली, सोमवारी डॉक्टरांकडे या, इन्सुलिनचं बोलावं लागेल. तेवढ्यात पलीकडून एकच गलका झाला. सोकोरो सात पूर्णांक दोनवर आली होती. चुई डोळे पुसत होता.

मालिनीला काही कळेना. तो सगळा हलवा, ते श्रीखंड गेलं कुठे? येसेनियानेच येऊन तिला मिठी मारली आणि सांगितलं. तुमचा डबा आला की आई आम्हाला लगेच फोन करायची. मग संध्याकाळी आम्ही सगळे तिला घेऊन कालव्याच्या काठाने चालायचो. वड्या असल्या तर दोन मैल, श्रीखंड असलं तर चार. आजीसुद्धा यायची, काठी टेकत. मंगळवार आता आमचा चालायचा वारच झालाय, तुमच्यामुळे. थँक यू म्हणाली ती. मनापासून म्हणाली, हेच मालिनीला जास्त लागलं.

ती पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसून राहिली. थोड्या वेळाने सोकोरो दार उघडून शेजारी येऊन बसली. मालिनीने तिच्याकडे न बघताच सांगून टाकलं, "मी मुद्दाम आणत होते. तुझी साखर वाढावी म्हणून."

"माहीत होतं मला," सोकोरो म्हणाली.

"मग खात का होतीस?"

"मी खाल्लं नसतं तर तू बसली नसतीस. तुझ्यासोबत जेवायला कुणी नाही, हे मला त्या रिकाम्या खुर्चीवरूनच कळलं होतं. मला घरी सोबत होती चालायला. तुला नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझं चुकलं."

एवढ्यावर कुणाचंही मन विरघळलं असतं. मालिनीचं नाही विरघळलं. तिला आणखीच जळजळलं, कारण आता या बाईकडे माफी मागायचं मोठं मनसुद्धा होतं. सोकोरोने मंगळवारी चालायला ये म्हणून सांगितलं. मालिनी "बघते" म्हणाली आणि गाडी सुरू केली.

घरी अनिल जेवायचा थांबला होता. टीव्हीचा आवाज कमी करून, मान न वळवता, त्याने विचारलं, "काय निघाली गं साखर?"

बारा आठवड्यांत त्याने पहिल्यांदा विचारलं होतं. मालिनीने पर्समधून कागद काढला. खरं सांगितलं असतं तर कदाचित तो उठला असता, कदाचित सोमवारी सोबत आलाही असता. आणि नसता आला तर? ते मात्र तिला सोसलं नसतं.

"सात पूर्णांक दोन," ती म्हणाली.

"बघ," अनिल खुशीत म्हणाला, "मी म्हणत होतो ना, तुझं तुला जमतं. कुणी लागत नाही तुला."

मालिनीने कागदाची बारीक घडी घालून तो पर्सच्या आतल्या कप्प्यात सारला आणि त्याच्यासाठी तवा गॅसवर ठेवला. सोमवारी इन्सुलिन सुरू होणार होतं, आणि आता ते बाथरूमची कडी लावून टोचावं लागणार होतं.