ओट्यावरची सतरंजी

मुलगा गेल्यावर आमच्याकडे दारावर येणाऱ्यांची रीघ लागली. ज्या घरी मरण झालंय तिथे भेटायला जाणं, त्याला आमच्या खानदेशात दारावर जाणं म्हणतात. पुरुष बाहेर ओट्यावर बसतात, बायका आत. आत रडारड, बाहेर कपाशीचा भाव. मग सगळे उठून जातात आणि घर खायला उठतं.

एकुलता एक मुलगा तापानं गेला, आणि त्याच्याबद्दल आमच्या ह्यांनी नंतर चकार शब्द काढला नाही. मी विषय काढला की पाण्याचा पंप चालू करायला उठायचे. टाकी भरून वाहायची, तरी पंप चालूच. मी आधीच तापट. एकदा तोंडावर म्हटलं, "तुम्ही बाप होतात की शेजारी?" हे उठून पंपाकडे गेले.

म्हणून मी मूल गमावलेल्या आईबापांचा गट काढला. लोकांना वाटलं, समाजसेवा. कसली समाजसेवा? मला एका माणसाला बोलतं करायचं होतं. आमच्या जळगावच्या घरी, महिन्यातून एका रविवारी दुपारी जमायचं ठरलं. ओळखीपाळखीतून निरोप गेले. पाचोऱ्याहून एक जोडपं आलं, वरणगावहून एक, कॉलनीतलं एक. आल्या आल्या पुरुषांनी ओट्यावर सतरंजी पसरली आणि बायका डोक्यावर पदर घेऊन आत. झालं, पुन्हा दारावरच! मी भडकले. अहो, आपण सगळेच मेलेल्याच्या घरचे, इथे कोण कुणाच्या दारावर आलंय?

पुढच्या वेळी मी बैठकीच्या खोलीत गोल खुर्च्या मांडल्या, नवऱ्याशेजारी बायको. पुरुष गुडघ्यांवर हात ठेवून फरशी बघत राहिले. बायकाही अवघडल्या. पाचोऱ्याच्या बाईचा मुलगा विहिरीत बुडालेला. मागच्या वेळी ती भडाभडा बोलली होती, आता पदराचं टोक पिळत बसली. ह्यांनी जाऊन पंप चालू केला.

त्यानंतर फक्त बायकाच आल्या. नवरे कुठे, म्हणून विचारलं तर पाचोऱ्याची म्हणाली, "आमना माणूस बायास्मा बोलस का, अक्का?" बायकांमध्ये बसून तो कशाला तोंड उघडेल, असं तिचं म्हणणं.

मी हात टेकले. सतरंजी पुन्हा ओट्यावर गेली आणि पुरुषही परत आले. आपला गट काही चालायचा नाही, असं मी मनाशी धरून चालले होते.

अशाच एका दुपारी मी मोरीत चहाचे कप विसळत होते. मोरीची खिडकी ओट्यावर उघडते. बाहेर ह्यांचा आवाज आला. पाचोऱ्याच्या बाईच्या नवऱ्याला सांगत होते, "शेवटी जरा शुद्धीवर आला होता. म्हणाला, पप्पा, आईला बोलवा. ही दवाखान्यात बाहेर बाकावर झोपलेली. कित्येक रात्रींनी डोळा लागला होता तिचा. म्हटलं, झोपू दे, उठली की भेटेल. ती उठायच्या आत गेला, भाऊ. आता तिला कोणत्या तोंडानं सांगू?"

त्या माणसानं नुसता हुंकार दिला.

माझ्या अंगाची आग झाली. वाटलं, बाहेर जाऊन ह्यांची गचांडी धरावी. माझ्या लेकरानं मला हाक मारली होती, आणि मी भिंतीपलीकडे झोपले होते. पण ज्यानं माझी झोप मोडू नये म्हणून पाहिलं, त्याच्यावर चिडायचं तरी कसं? नळ तसाच वाहत होता. तो बंद करून मी कप पुसले.

चहा घेऊन ओट्यावर गेले तर हे बोलता बोलता थांबले. कप घेताना माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

आत आले. बायकांना चहा दिला आणि खाली बसले. पाचोऱ्याची माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "अक्का, आते तुम्ही सांगा ना." सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. चहा चांगला गोड झाला होता. तरी मी साखर आणते म्हणून उठले.