पाण्यात सोडलेली डाळ

समाधानच्या घरात डाळीचं पाकीट पाण्याच्या पातेल्यात बुडवून मगच कापतात. पिंप्राळ्यात हे कुणाला सांगावं तर लोक हसायचे, म्हणून वृषालीने नवऱ्याचं दुखणं पदराआडच ठेवलं होतं.

समाधान पूर्वी डाळ मिलमध्ये होता. तिथे धान्याच्या कोठीत उतरलेल्या जोडीदारावर, जीवरामवर, वरची तूर घसरली. समाधान दोन्ही हातांनी उपसत राहिला, आणि उपसावी तेवढी वरून येत राहिली. जीवराम आतच गेला. तेव्हापासून दाणे ओतल्याचा नुसता आवाज झाला तरी त्याला दरदरून घाम फुटतो. मिल सोडून त्याने रिक्षा धरली. इंजिन दुसरं काही ऐकू देत नाही, तेवढंच बरं. सिग्नलला थांबलं की पाय वळवळतात, मान सारखी मागे वळते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, हा मनाला बसलेला मार आहे म्हणाले. गल्लीने मात्र ‘घेत असेल’ म्हणून केव्हाच निकाल लावला. लेकीची, मृणालीची, पहिली सोयरीक त्यावरच मोडली. भर जेवणातून बाप उठून पळाला, पाहुणे समजायचं ते समजले.

आज मृणालीला बघायला धुळ्याचे पाहुणे आले होते. जयभीम झालं, चहा झाला. समाधान दाराजवळ सतरंजीची कड चुरगाळत बसला होता. काही झालं तरी उठायचं नाही, पोरीचं वाटोळं आपल्या हाताने नको, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

मागच्या अंगणात शेजारच्या तानुबाई मदतीला होत्या. बेत वरण-बट्टीचा, माणसं जास्त. पाकिटं पुरायची नाहीत म्हणून त्यांनी घरून डाळ आणली आणि भल्या मनाने आख्खा डबा परातीत उपडा केला.

समाधान पाहुण्यांना ओलांडून धावला. परातीपुढे बसून दोन्ही हातांनी डाळ उपसू लागला. “जीवराम, आलो, आलो,” म्हणत होता. वृषाली भिंतीला टेकली. हीसुद्धा सोयरीक गेली, असं तिला वाटलं.

मृणाली साडी सावरत बापासमोर बसली आणि तीही उपसू लागली. डाळ सारत सारत तिने परातीचा तळ मोकळा केला, बापाचा हात धरून त्यावर ठेवला. “बघा बाबा. हा तळ. खाली कोणी नाही.”

त्याने पितळेवरून हात फिरवून पाहिला. मुलाची आई द्रौपदाबाई मागून येऊन दारात उभ्या होत्या.

“कोन दबाई गयथा, भाऊ?” त्यांनी विचारलं.

आजवर लोकांनी ‘घेतोस का’ विचारलं होतं, ‘डोकं फिरलंय का’ विचारलं होतं. कोण दबलं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. समाधान तिथेच बसून बोलला. अडखळत, मध्येच दाराकडे बघत, पण बोलला. मग वृषालीनेही पाकिटाचं सांगून टाकलं. आता लपवायला उरलं तरी काय होतं!

द्रौपदाबाई तानुबाईंकडे वळल्या. “आज कढी करा, माय.” मग दारातूनच आतल्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “आनी व्याही आपला घर येतीन तवय आपू बी दाय पानीमाच सोडसूत.”