शिसमाची मूठ

अमरावतीच्या आमच्या रायफल क्लबातले एक वकील हौसेनं रायफलीच्या मुठी घडवून देतात. समोरच्याचं सगळं ऐकून घेतात, निकाल मात्र स्वतःच देतात. माझ्या मुठीसाठी मी सुरेख रेषांचा अक्रोडाचा ठोकळा नेला. त्यांनी त्याकडे पाहिलंच नाही. माझा हात हातात घेतला आणि गप्पा मारत, तळव्याला घाम सुटेपर्यंत सोडला नाही.

“हे शोकेसमंदी ठेवा. तुमचा हात घामेजते, थरथरते बी. तुमाले वजनदार शिसम पाह्यजे.”

कपाटातून त्यांनी एक काळपट ठोकळा काढला. “माह्यासाठी ठेवला होता.”

“मग राहू द्या ना, साहेब.”

“काहून?” म्हणाले, आणि त्याला करवत लावली.